फवारणीपुढची कोरी जागा

मित्रांनो, आज गावात शेती व्यवस्थापनाचा वर्ग झाला. शिकवणाऱ्या ताईंनी कोरे कागद दिले. कपाशीचं प्रत्येक काम आणि ते करणारा माणूस, दोन्हींची चित्रं काढायला सांगितली.

मी सगळीकडे टोपीवाला काढला, म्हणजे मीच.

बायको शेजारीच होती. "वेचणीले कधी गेलते तुमी?" म्हणत तिनं तिथला टोपीवाला खोडला. वर्गातल्या बाया हसल्या. मग तिनं फवारणीचाही खोडला. "मागच्या बारीले फवारताना चक्कर येऊन तुमी शेताच्या धुऱ्यावर पडले. आता नाही जायचं."

ताईंनी विचारलं, "मग इथं कोण?"

फवारणीपुढची जागा कोरीच राहिली.

कपाशीवर अळी आहे. फवारणी उद्याच व्हायला हवी. मला काही सुचत नाही. तुम्ही बायकोचं ऐकलं असतं का?