उजव्या पायाचा शेक

शिक्केवाल्यांचा डावा पाय कंबरेपासून करंगळीपर्यंत ठणकायचा. तीन महिने झाले होते. बायकोचा मात्र विश्वास बसत नव्हता. "घरातलं काम काढलं की बरोबर पाय धरतो तुमचा!" ती म्हणायची.

शेवटी ते दवाखान्यात गेले. तिथल्या फॉर्मवर माणसाची आकृती होती आणि दुखतो तो पाय तीत रंगवायचा होता. शिक्केवाल्यांनी तीस वर्षं रबरी शिक्के कोरलेले. शिक्क्यावर उलटं कोरावं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. उजव्या-डाव्याच्या बाबतीत त्यांचा हात डोक्याला विचारतच नसे. त्यानं सवयीनं बाजू उलटवली आणि उजवा पाय छान रंगवून दिला.

एमआरआय निघाला. मणक्यातली एक चकती सरकलेली होती, तीही नेमकी उजवीकडे. कागदाला कागद जुळल्यावर पेशंटला हात कोण लावतो? ऑपरेशनसाठी सर्जनकडे चिठ्ठी गेली.

बायको एकदम नरमली. फिल्म उजेडात धरून तिनं शेजारणीला दाखवली. "खरंच दुखतंय गं यांना," म्हणाली. रोज सकाळी गरम पाण्याची पिशवी घेऊन ती त्यांचा उजवा पाय शेकू लागली, कारण रिपोर्टात उजवा होता. आपण काय घोळ घातला ते शिक्केवाल्यांना पहिल्याच दिवशी कळलं. पण खरं सांगावं, तर डावीकडे रिपोर्टात काहीच नव्हतं. पुन्हा नाटकी ठरायचं. न सांगावं, तर धडधाकट बाजूला सुरी. डावा ठणकत राहिला, उजवा शेकला जात राहिला, आणि त्यांना बरं वाटत होतं हेही खरं.

सर्जननं तारीख लिहायला पेन उघडलं, तेव्हा त्यांचा धीर सुटला. "डॉक्टर, दुखतो तो डावा."

सर्जननं त्यांना आडवं केलं. उजवा पाय सरळ वर गेला. डावा वीतभर उचलला आणि शिक्केवाले ओरडले.

"उजवीकडची चकती सरकलीय, पण तिचा त्रास नाही," पेन मिटत सर्जन म्हणाले. "अशा चकत्या ठणठणीत माणसांतही सापडतात. डावीकडे काही दाबलेलं दिसत नाही. ऑपरेशन नको. व्यायाम करा, सहा आठवड्यांनी या."

"म्हणजे यांना काही झालेलंच नाही?" सोबत आलेल्या बायकोनं विचारलं.

"दुखणं खरं आहे, बाई. फोटोत सापडलं नाही, इतकंच."

बाहेर येऊन दोघं बाकावर टेकली. शिक्केवाले टोमण्याची वाट बघत बसले.

"महिनाभर मी उजवा पाय शेकतेय," ती म्हणाली. "मूग गिळून का बसलात?"

शिक्केवाले चपलांकडे बघत म्हणाले, "तू जवळ बसत होतीस ना."