केळीच्या खांबाला वळसा

खानदेशात आम्ही शिडाच्या होड्यांच्या शर्यती भरवायचो, असं सांगितलं की पुण्या-मुंबईकडचे लोक गालातल्या गालात हसतात. "तुमच्याकडे प्यायला तरी पाणी असतं का?" असं एका बाईंनी मला माझ्याच घरी, माझ्याच माठातलं पाणी पिता पिता विचारलं होतं. मी आता कोणाची समजूत घालत बसत नाही. तलाव होता, वारा होता, पाच होड्या होत्या, आणि त्या शर्यती मी भरवत होते. ज्याला पटायचं त्याला पटेल.

तलाव माझ्या माहेरचा. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव आणि गावाला खेटून पाटबंधारे खात्याचा तलाव. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते तरुणपणी नौदलात गेले आणि पेन्शन घेऊन परत आले ते केळी लावायला. पण समुद्र काही डोक्यातून जाईना. खळ्यात बसून त्यांनी फळ्यांची एक होडी ठोकली, चोपड्याच्या मंडपवाल्याकडून तिचं शीड शिवून घेतलं आणि एके दिवशी ती पाण्यात लोटली. सगळं गाव काठावर. एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "नाना, होडीले लुगडं कसाले नेसाडं?" नाना हसले नाहीत. ते होडीत बसून पलीकडच्या काठाला जाऊन परत आले, म्हाताऱ्याला तेवढं उत्तर पुरलं.

मी तेव्हा लग्न होऊन जळगावात होते. नवरा कॉलेजात प्राध्यापक. त्याचे सहकारी होडी बघायला आले, मग एक डॉक्टर आले, मग एक वकील, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर या हौशी मंडळींचा क्लब झाला. होड्या वाढल्या. वकीलसाहेब अध्यक्ष झाले. पहिली होडी नानांची, होड्या ठेवायला खळं नानांचं, तलाव गावाजवळचा, आणि अध्यक्ष जळगावचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. नानांना त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटायचं, आणि अजून वाटतं.

शर्यती भरवायचं काम "वहिनींचं तर माहेरच आहे" असं म्हणत म्हणत माझ्याकडे आलं. आम्ही शनिवारी संध्याकाळी माहेरी पोचायचो. रविवारी सकाळी मी नानांच्या मळ्यात जायची आणि घड उतरलेल्या केळींचे खांब तोडून घ्यायची. केळीचा खांब पाण्यावर झकास तरंगतो. त्याला दोरीने दगड बांधायचा, वर काठी खोचून लाल फडकं लावायचं, की झाला बोया. असे तीन खांब पाण्यात त्रिकोणात सोडायचे, त्यातला एक बरोबर वाऱ्याच्या तोंडाला, म्हणजे तिथे पोचायला होड्यांना तिरकं तिरकं, एकदा या अंगाने एकदा त्या अंगाने जावं लागे. वारा फिरला की खांब हलवायचे. प्रत्येक होडीत मोटारीच्या ट्यूबा हवा भरून आहेत ना ते बघायचं. मग काठावर उभं राहून फडकं वर करायचं, ते खाली आलं की ताट वाजवायचं. कोणाची होडी खांबाला घासली यावर डोळा ठेवायचा, कारण जो शिवला त्याने त्या खांबाला पुन्हा वळसा घालायचा, असा नियम. शर्यती मैत्रीच्या होत्या, त्यामुळे भांडणं तर विचारूच नका. ती जेवणाआधी मिटवायची, आणि मग जेवण वाढायचं. भरीत, पुऱ्या, ताक. वांगी भाजायलाही मीच.

आणखी एक रीत होती आमची. शर्यत संपली की तिन्ही खांब ओढून काठावर आणायचे आणि गावच्या म्हशींना घालायचे. म्हशी खांब आवडीने खातात. एवढा ओला चारा वाया कशाला घालवायचा? कोणाच्याही मनात त्यात काही वावगं आलं नाही. माझ्याही नाही.

शर्यत नसेल त्या दिवशी नानांनी मला सुकाणू धरायला शिकवलं होतं. सुट्टीत माहेरी आले की मी रोज दुपारी होडी काढायची. उन्हाळ्यात आमच्याकडे वाऱ्याला तोटा नसतो, फक्त तो तोंड भाजून काढतो. शीड भरलं, होडी एका अंगावर कलली आणि मी दुसऱ्या अंगाला रेलले, की मला घर, कॉलेजचे पेपर, सासरचे पाहुणे यांपैकी काही आठवत नसे. त्या तलावात मला हरवणारं कोणी नव्हतं, कारण तेव्हा तिथे दुसरं कोणीच नसायचं. नेमकी हीच गोष्ट मला डाचायची. मी चांगली चालवते की वाईट, हे मला माहीत नव्हतं. ते कळायला बाकीच्या होड्या शेजारी लागतात.

एका वर्षी होळी झाल्यावर मी वकीलसाहेबांना सांगितलं, आखाजीच्या शर्यतीत मी होडी चालवणार.

"जरूर चालवा की," ते म्हणाले. "पण वहिनी, तुम्ही होडीत बसलात तर शर्यत भरवणार कोण? तुमच्यासारखं दुसऱ्या कोणाला जमतं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या नवऱ्यानेही हलवली, सवयीने. मला असल्या कौतुकाचा संताप येतो. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, दुसऱ्या दिवशी त्याच मानेवर जू येतं. मी आखाजीची वाट बघितली.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे तो लेकीबाळींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आमरस खातात, गौराई घेऊन पाण्यावर जातात. त्या दिवशी माहेरवाशिणीला कोणी काडीचं काम सांगत नाही. सांगणाऱ्यालाच चारचौघात ऐकून घ्यावं लागतं.

सकाळी मी पदर खोचून काठावर गेले तेव्हा वकीलसाहेबांनी ताट माझ्यापुढे धरलं. मी हात मागे घेतले.

"आज आखाजी आहे," मी म्हटलं. "मी माहेरी आले आहे. आज मला काम सांगायचं नाही."

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना बाभळीखाली तंबाखू मळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"वकीलसाहेब, आखाजीले माहेरवाशीनले कोनी काम सांगस का? पाप लागी."

कायद्याला वकिलाकडे उत्तर असतं, रितीला नसतं. ते ताट घेऊन गेले, कोयता घेऊन मळ्यात गेले आणि खांब तोडून त्यांनी स्वतः ते पाण्यात सोडले. मी होडीत बसले. पुढे शिडाची दोरी धरायला नवरा. "मी पुढेच बरा," तो म्हणाला. "ओरडलीस तरी चालेल. घरी ओरडतेसच."

वैशाखात तलाव आटतो. नेहमी खोल पाण्यात असणारी तिसऱ्या खांबाची जागा त्या दिवशी चिखलाच्या कडेला आली होती, आणि त्या चिखलात गावच्या म्हशी डुंबत होत्या. लाल फडक्याचा केळीचा खांब म्हणजे आपलं जेवण, हे आम्हीच त्यांना दर रविवारी शिकवलं होतं. आजवर तो फक्त त्यांच्यापर्यंत आणून द्यावा लागायचा.

ताट वाजलं. पहिल्या खांबापर्यंत डॉक्टर पुढे, मागे कॉलेजच्या दोन होड्या, मग मी. दुसऱ्या खांबाला मी एका होडीला मागे टाकलं. तीन होड्या शेजारी होत्या आणि त्यातली एक माझ्या मागे पडली होती. मग तिसऱ्या खांबाकडे वळलो, तर खांब दिसेना. डॉक्टरांनी थोडा वेळ इकडेतिकडे पाहिलं आणि अंदाजाने होडी फिरवली. बाकीचे त्यांच्यामागे मेंढरांसारखे फिरले.

मला लाल फडकं दिसलं. ते काठाकडे चाललं होतं. खाली एक म्हैस, तोंडात आडवा खांब, आणि फडकं तिच्या कानावर.

"खांब चालला," नवरा म्हणाला.

"मग आपणही जाऊ."

म्हशीला वळसा घालणं सोपं नसतं. ती थांबत नाही आणि बाजूला होत नाही. होडीचा तळ चिखलात घासला, शीड फडफडलं, नवऱ्याने वल्हं चिखलात रोवून होडी मोकळी केली, आणि म्हैस आमच्याकडे बघत चावत राहिली. काठावर गौराई घेऊन आलेल्या बायकांनी एकच गलका केला. वळसा घालून मी परत फिरले आणि सगळ्यांच्या शेवटी ताटापाशी आले. शेवटी आले, पण तिसऱ्या खांबाला वळसा घालून आलेली होडी माझी एकटीची होती.

मी तसंच म्हटलं. खांबाला वळसा घालायचा एवढाच आपला नियम, खांब कुठे असावा हे नियमात नाही. डॉक्टर म्हणाले, जागेवर नव्हता तो खांब कसला. गावातली एक अक्का कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"आम्ही बठ्ठासनी देखं. खांब म्हैसना तोंडमा व्हता, आन् हाई पोर म्हैसले फेरा मारीसन उनी. तुम्ही बठ्ठा अर्धामाईन पळनात."

बाकी सगळे अर्ध्यातूनच पळाले, हे ऐकून बायका हसल्या. वकीलसाहेबांनी घसा खाकरला आणि शर्यत रद्द केली. पुढच्या रविवारी पुन्हा. "आणि वहिनी," ते सगळ्यांदेखत म्हणाले, "त्या दिवशी मात्र तुम्हीच भरवा. बघितलंत ना, मी भरवली तर काय होतं."

शर्यत रद्द करणं नियमाला धरून होतं, हे मी तेव्हाही जाणत होते. पण म्हशीला वळसा घालून डॉक्टर आले असते तर त्यांना खांद्यावर घेऊन नाचले असते, हेही जाणत होते. रात्री मांडे गोड लागले नाहीत. मला सर्वांत जास्त राग आला तो स्वतःच्या सुटण्याच्या पद्धतीचा. मी सणाच्या पदराआड उभी राहून नाही म्हटलं होतं. आठ दिवसांनी आखाजी नसणार होती. तेव्हा मला माझ्या तोंडाने म्हणावं लागणार होतं.

पुढच्या रविवारी मी गेले आणि थेट होडीशी गेले. शीड चढवलं, सुकाणू बसवलं, आणि काठावर बसून राहिले. पुरुषमंडळींनी होड्या सज्ज केल्या. मग सगळे पाण्याकडे बघू लागले. पाण्यात काहीच नव्हतं. त्रिकोण आपोआप उगवतो असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं असावं.

"वहिनी, खांब?" वकीलसाहेब म्हणाले.

"मी शर्यतीत आहे," मी म्हटलं. "शर्यतीत असणाऱ्याने खांब लावू नयेत. हा तुमचाच नियम."

"मग भरवायची कोणी?"

"ते अध्यक्षांनी ठरवावं. मी भरवणार नाही. आजही नाही आणि दर वेळी तर नाहीच. पाळी लावा. माझी पाळी येईल तेव्हा मी ताट वाजवीन, एरवी नाही."

कोयत्याकडे कोणी गेलं नाही. वारा मात्र सुटला होता. पाचही शिडं काठावर फडाफड वाजत होती. एवढा सुंदर वारा असा वाया जाताना बघून नानांना राहवेना. ते उठले आणि कोयत्याकडे निघाले.

"नाना, बसा," मी म्हटलं. "ज्यांना शर्यत हवी आहे ते तोडतील."

नानांशी मी त्या आवाजात कधी बोलले नव्हते. ते माझ्याकडे बघत राहिले. मग परत बाभळीखाली जाऊन बसले. मला वाटलं ते रागावले. पण थोड्या वेळाने ते स्वतःशीच बोलल्यासारखे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोर खरं बोली ऱ्हायनी."

बसून राहणं फार अवघड जातं. हात शिवशिवत होते. खांब कुठे टाकायचे ते मला दिसत होतं, वारा किंचित फिरला तेही कळलं होतं. सवयीने मी दोनदा उठू लागले आणि दोनदा नवऱ्याने माझा पदर धरून खाली बसवलं. त्याच्या बाकी सगळ्या चुका मी त्या दिवशी माफ केल्या.

ऊन कलू लागलं तेव्हा वकीलसाहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कोयता उचलला. "आज मी," ते म्हणाले. "पुढच्या वेळी डॉक्टर." खांब त्यांनी या वेळी खोल पाण्यात, म्हशींपासून लांब टाकले. फडकं वर गेलं, खाली आलं, ताट वाजलं.

मी जिंकले नाही. डॉक्टर माझ्यापेक्षा चांगली होडी चालवायचे, हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्या खांबाला मी घासले आणि कोणी न सांगता पुन्हा वळसा घातला. दोन होड्या माझ्या पुढे होत्या आणि एक मागे; वकीलसाहेबांची काठावरच होती. काठावर पोचले तेव्हा वकीलसाहेबांनी ताट वाजवून माझा नंबर मोठ्याने सांगितला.

तिसरी. घरी परतताना नवरा समजूत घालू लागला, पुढच्या वेळी पहिली येशील म्हणून. त्याला काय सांगणार? इतकी वर्षं मी भरवलेल्या एकाही शर्यतीत मी शेवटचीसुद्धा आले नव्हते.