मोबाइल रोज रंकाळ्यावर जायचा

हे मी घराबाहेर कधी बोललो नाही. आठ महिने मी चाललोच नाही. माझा मोबाइल चालला.

राजारामपुरीत माझा गणिताचा क्लास आहे. पहिली बॅच सकाळी आठला, मग दिवसभर श्वास घ्यायला सवड नाही. बायकोच्या रक्तात साखर निघाली, माझं बी.पी. वाढलं, आणि डॉक्टरांनी दोघांनाही चालायला सांगितलं. पुण्याच्या लेकीनं आमच्या मोबाइलवर पावलं मोजणारं ॲप टाकून जाहीर केलं, "ज्याची पावलं जास्त, त्याचा पहिला नंबर."

बायको गच्चीवर चालणार, मी रंकाळा तलावावर, असं ठरलं. पहिल्याच दिवशी सकाळी सहाला नवे बूट घालून स्कूटरवर निघालो. रंकाळ्याच्या अलीकडे, गंगावेशीत, दूध कट्टा लागतो. म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात आणि गवळी डोळ्यांसमोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतो. म्हटलं, एक ग्लास घेऊ आणि जाऊ.

"बसा की सर," गवळी म्हणाला. "रंकाळा कुठं पळून जातोय व्हय?"

बसलो. शाळेपासूनचा एक मित्र तिथूनच फेरीला निघाला होता. तो म्हणाला, "आण तुझा मोबाइल. त्याला तरी फिरवून आणतो."

तासाभरानं तो आला तेव्हा माझी सहा हजार पावलं झाली होती. आणि दोन ग्लास. दुपारी लेकीचा मेसेज आला, "पप्पा पहिले!"

गंमत एका दिवसाची होती, पण दुसऱ्या दिवशी खरं सांगायला जीभ रेटली नाही. कॉपी करणाऱ्या पोरांना बॅचबाहेर काढणारा मी, रोज सकाळी मित्राच्या खिशात मोबाइल सरकवत होतो. थंडी असो, पाऊस असो, एक दिवस दांडी नाही.

एका संध्याकाळी क्लासवरून आलो तर बायको गुडघ्याला पट्टा बांधत जिन्यात उभी.

"सकाळी चाललीस की. आता परत गच्चीवर कशाला?"

"तुमची सहा हजार झाल्यात. माझी अजून आठशे कमी पडत्यात. रोज हरायचं व्हय मी?"

गुडघा सुजला होता. पट्टा नीट बसवून द्यायला वाकलो तर माझं पोट आडवं आलं. तिथंच पायरीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. म्हशी, ग्लास, मित्राचा खिसा.

ती माझ्याशेजारी पायरीवर बसली. आता रडणार, असं वाटलं.

"म्हंजे आठ महिने पहिला नंबर माझा होता?"

"हो."

"रोज?"

"रोज."

तिनं लगेच लेकीला फोन लावला. "अगं, निकाल चुकलाय. तुझ्या बापानं कॉपी केली."

गणिताच्या मास्तराला याहून लागणारं वाक्य मला माहीत नाही.

मग मला म्हणाली, "कट्टा सोडू नका. चालत जावा." स्कूटरची चावी तिच्या पर्समध्ये गेली. राजारामपुरीतून गंगावेस म्हणजे पाऊण-एक तासाची चाल. येताना सिटी बस. पहिल्या दिवशी घामाघूम होऊन पोचलो तर गवळी ओरडला, "अरारारा! सरांना बसू द्या, म्हस जरा सरकवा!"

खरं सांगतो, फार जड गेलं नाही. साडेपाचचा गजर, बूट, घराबाहेर पडणं, सगळं अंगवळणी पडलंच होतं. लबाडीनं का होईना, आठ महिने मी तेच गिरवलं होतं. आता फक्त त्यात चालणं घालायचं होतं. दुसरं वर्ष चालू आहे. ग्लास एकच.

बायकोच्या गुडघ्याची सूज उतरलीय. ती आता डॉक्टर म्हणतील तेवढंच चालते, कुणाशी स्पर्धा नाही. रविवारी मात्र रिक्षानं कट्ट्यावर येते, ग्लास संपवते आणि ओठांवरचा फेस पुसत माझ्या मित्राला सगळ्यांदेखत दरडावते, "भावजी, खिसे दाखवा बघू."

आणि तो बिचारा दोन्ही खिसे उलटे करून दाखवतो.