बायडाबाईंनी अडवलेला ट्रक

कोणाचं मुकाट्यानं ऐकून घ्यायचं नाही, हे आमच्या आष्टी भागात बायडाबाईंकडून शिकावं. मी इथल्या उपकेंद्रात नर्स आहे. माझंही त्यांनी सहजासहजी कधी ऐकलेलं नाही.

त्यांची चाळीस मेंढरं होती. पाच वर्षांमागच्या दुष्काळात मेंढपाळ सोसायटीच्या आवारात जनावरांच्या डॉक्टरांनी कळपाला आंत्रविषाराची लस टोचली. टोचलेलं मेंढरू ओळखू यावं म्हणून पाठीवर गेरू लावायची रीत. महिनाभरानं डॉक्टर पीपीआर या दुसऱ्या रोगाची लस घेऊन आले, तर बाईंनी गेरूकडे बोट दाखवून त्यांना वाटेला लावलं. पुढं पीपीआरची साथ आली आणि अकरा मेंढरं गेली. ही चूक त्या स्वतःच्या तोंडानं सांगतात, पण ऐकणारा हसला तर त्याची खैर नसते.

यंदा पावसानं पुन्हा दडी मारली. मुलगा सुग्रीव बायको आणि नऊ महिन्यांच्या लेकीला घेऊन ऊसतोडीला निघाला. नेमकी त्याच सकाळी पोरीची न्युमोनियाची तिसरी लस होती. मी लशीचा डबा घेऊन ट्रकापाशी गेले, तर आत बसलेला सुग्रीव नको म्हणाला. दोनदा टोचूनही मागच्या महिन्यात तिची छाती भरलीच होती, मग तिसरी कशाला? मुकादम पंडितनं त्याची री ओढली.

मला राग आला, तरी समजावलं. तो आजार विषाणूचा होता. ही लस एका जिवाणूवरची, ती विषाणूला अडवत नाही. पण विषाणूनं फुप्फुसं खिळखिळी केली की पुष्कळदा मागोमाग हाच जिवाणू शिरतो आणि लेकराच्या जिवावर बेततं. तो धोका ही लस कमी करते. सुग्रीव ढिम्म हलला नाही.

बायडाबाईंनी सरळ ट्रकात चढून नात उचलली.

"एक रोग अडला न्हाई म्हणून दुसऱ्याला दार उघडं ठिवतोस? म्या अकरा मेंढरं घालवली. नात घालवणार न्हाई."

ट्रक थांबणार नाही, असं पंडितनं बजावलं. बाई नातीला कडेवर घेऊन ट्रकासमोर उभ्या राहिल्या. मी लशीचा डबा रस्त्यातच उघडला. टोचल्यावर अर्धा तास थांबावं लागतं, ट्रक तोही थांबला.

पोर परत हातात आल्यावर सुग्रीव बायकोला म्हणाला, तिन्ही झाल्या, आता फडावर काळजी नाही. बाईंनी ते ऐकलं.

"गेरू बघून निवांत बसायची चूक माझी झाली, तुला करू देणार न्हाई. पोरीला धाप लागली, बरगडीखाली खड्डा पडाया लागला, की कोयता टाकून दवाखाना गाठायचा. मुकादम न्हाई म्हणला, तर ट्रक कसा अडवायचा ते आज बघितलंस."