नख पांढरं होईपर्यंत

आमच्या कारखान्यातल्या सुपरवायझर बाईंनी मला वाचवलं, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं वाचून त्यांचा राग येईल.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आम्ही बायका बॉलपेनं जोडायचो. सातवीत शाळा सुटली, मालवणकडून आले, काकीच्या खोलीत राहिले. वर्षभरात मान, खांदे, कंबर, सगळंच ठणकायला लागलं. मार नाही, सूज नाही. काकीने मीठमिरच्या ओवाळून स्टोव्हवर टाकल्या. ठसका लागला नाही, तशी म्हणाली, "दिष्ट लागली गो तुका!" मी बाम चोपडून कामावर जायचे. अख्ख्या लाइनीला वास. बायका म्हणायच्या, "आली बघ बामवाली, काम टाळायला!"

एक्स-रे, रक्त, सगळं चांगलं निघालं. बाई म्हणाल्या, "चल माझ्या डॉक्टरांकडे. त्यांनाही काही सापडलं नाही, तर उद्यापासून येऊ नकोस." नोकरी गेली की गाव.

डॉक्टरांनी मानेखाली अंगठा टेकवला आणि मी किंचाळले.

"बघा नाटक!" बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही बसा इथे." बाईंच्या मानेखाली त्याच जागी डॉक्टरांनी अंगठा रोवला, पार नख पांढरं होईपर्यंत. "दुखतंय?"

"छे! दाबल्यासारखं वाटतंय, बस."

"हिला दाबताना नखाचा रंगही बदलला नव्हता."

बाईंचा चेहराच उतरला. डॉक्टर म्हणाले, "दुखण्याला आवर घालणारे निरोप मेंदूतून खाली येतात. हिच्यात तेच कमी पडत असावेत. अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. झोप नसली की आणखी वाढतं. रिपोर्टात काही दिसत नाही, पण दुखणं खरं आहे."

खरं! मीसुद्धा स्वतःला ढोंगी समजायला लागले होते ना.

बाहेर पायरीवर बाई मटकन बसल्या. "तुझं सोंग उघडं पाडायला आणलं होतं गं मी."

दुसऱ्या दिवशी लाइनीसमोर त्यांनी बजावलं, "बामवाली कुणी म्हणालं तर गाठ माझ्याशी." दर तासाला त्या मला उठवून दोन फेऱ्या मारायला लावायच्या. डॉक्टरांनी दिलेली झोपेच्या वेळची छोटी गोळी चुकली की ओरडायच्या. दुखणं पुरतं गेलं नाही. नोकरी मात्र राहिली.

बाईंना मागेपुढे कुणी नाही. उद्या त्यांना कुणाची गरज पडली, तर मी असेन तिथून येईन आणि त्यांचं सगळं करीन.