आत्याबाईंचा धूर

गोंदियाच्या ठेसनातून सुटणारी आगगाडी एवढा कोळसा खाऊन जेवढा धूर सोडत नसे, तेवढा आमच्या आत्याबाई एका बिडीत सोडत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची विधवा बहीण. आमच्याच घरी राहत आणि ओसरीत बसून कारखान्यासाठी बिड्या वळत. बिड्यांच्या प्रत्येक कट्ट्यातली, म्हणजे जुडीतली, एक बिडी ओढून पाहिल्याशिवाय माल द्यायचा नाही, असा त्यांचा नेम. "चव न पाहता भाजी वाढतेस काय वो?" असं वर मलाच विचारत. दळण, भांडण, देवपूजा, सगळं बिडी ओठात धरून चाले. एकदा पूजेत भटजींनी उदबत्तीसाठी विस्तव मागितला, तर यांनी ओठातली बिडीच पुढे केली. उदबत्ती पेटली, देवाची काही तक्रार आली नाही.

गावातल्या पोटुशी बायकांसाठी त्यांच्याकडे एकच औषध होतं, रोज दोन बिड्या. "लेकरू बारीक राह्यते, सुखानं निघते," हे सांगताना चेहरा वैद्याहून गंभीर. मला दिवस गेले तेव्हा मी काही बिडी ओढेना, म्हणून त्या शेजारी बसून माझ्या वाटचं ओढू लागल्या. निदान धूर तरी पोटात जावा, हा प्रेमळ हेतू. संध्याकाळी सासरे आणि त्यांचे दोन मित्र चिलीम घेऊन बसत, ते वेगळंच. त्या घरात डास टिकत नव्हते, मी कशी टिकणार? माझं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. हे दुसरं. जीव टांगणीला लागला होता.

सातव्या महिन्यात एका दुपारी धुराने घेरी येऊन मी चुलीपाशी कोसळले. डोळे उघडले तर तोंडाशी बिडी! "एक झुरका मार, बरं वाटंल."

माझं डोकंच फिरलं. "आत्याबाई, तुमच्या तिघी पोरी सुखानंच निघाल्या होत्या ना? मंग कुठं हायेत त्या?"

त्यांच्या तिन्ही मुली मुठीएवढ्या जन्मल्या होत्या. एकीचंही बारसं झालं नव्हतं. बोलून गेले आणि स्वतःची जीभ हासडावीशी वाटली. आत्याबाई बिडी चुलीत टाकून उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सासरे चिलीम भरतात तोच आत्याबाई मुसळ घेऊन दारात उभ्या. "निंघा बाहेर! पोटुशी बाई हाये घरात, दिसून नाही राहिली काय?"

"अवो बाई, काल तं तूच..."

"काल मी येडी होती!"

तेव्हापासून सासरे, त्यांचे मित्र, एकदा तर मालगुजाराचा कारभारीसुद्धा, सगळे धानाच्या बांधीवर उकिडवे बसून ओढू लागले. बिड्या वळायचं तंबाखूचं सूप शेजारणीच्या ओसरीत गेलं. आत्याबाई स्वतः भर पावसात घोंगडी पांघरून बांधीवर जात, आणि परतल्यावर राखेने हात घासून, चूळ भरून, लुगडं बदलूनच माझ्याजवळ येत.

मुलगी झाली, चांगली दणदणीत. मला दीड दिवस लागला. त्या दीड दिवसात आत्याबाई माझा हात सोडून बिडीसाठी एकदाही बाहेर गेल्या नाहीत. मग आंघोळ करून आल्या, पदर हुंगून पाहिला आणि मुलीला घेतलं. बराच वेळ तिला दोन्ही हातांवर तोलत राहिल्या.

"माही एकही यवढी जड नोहोती वो," त्या म्हणाल्या.

मला त्यांची माफी मागायची होती. मुलगी दुधासाठी रडू लागली, तरी मी तिला आणखी थोडा वेळ त्यांच्याच हातात राहू दिलं.