तीन रविवार थांबवणारा वकील

अख्ख्या मुळशी तालुक्यात गिऱ्हाइकाला परत पाठवण्यासाठी दुकान मांडून बसलेला माणूस एकच होऊन गेला, आणि तो आमचा भाडेकरू होता. दोन हजार सालाच्या आसपास इकडच्या माळांना सोन्याचा भाव आला, तशी पौडला कचेरीसमोर नोटरींची टेबलं वाढली. इतर टेबलांवर शिक्का पडायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नसे. आमचे भाडेकरू मात्र माणसाला आधी बाकावर बसवत, कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवत आणि विचारत, "हे शपथेवर सांगता आहात. शपथ कुणाची घ्यायची, ते ठरवलंय का?" गिऱ्हाईक वैतागून म्हणे, "कुनाची बी चालंल सायेब, पर शिक्का हाना." एवढ्यावर ते कागदाची घडी घालून परत देत आणि वर पाणीही पाजत.

ते वसईकडचे कॅथलिक. बायको गेलेली, मुलगी हिंजवडीच्या कंपनीत. तिनं बावधनला सातव्या मजल्यावर घर घेतलं तेव्हा हे आठवडाभर राहिले आणि आमच्या भरे गावात खोली शोधत आले. कारण विचारलं तर म्हणाले, "गुरुजी, इतक्या उंचावरून प्रार्थना करायची म्हणजे देवाच्या कानात ओरडल्यासारखं वाटतं." आमची मागची खोली त्यांना पसंत पडली. गावानं त्यांना पहिल्याच दिवशी 'फादर' करून टाकलं. ते कळवळून सांगत, "अहो, मला मुलगी आहे." त्यावर पारावरचे म्हातारे म्हणत, "मग बराबर हाय की. बापालाच फादर म्हनत्यात."

शुक्रवारी ते मटण खात नसत आणि ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस तर फारच कडक असत. त्या दिवसांत गावची जत्रा आली की घराघरांतून रश्श्याचा वास सुटे आणि हे आमच्या ओट्यावर पिठलं-भात घेऊन बसत, चेहऱ्यावर हुतात्म्याचा भाव. एका शुक्रवारी मात्र आमच्या सौभाग्यवतीनं त्यांच्या तव्यावर बांगडा पाहिला. "उपास हाय म्हनलात ना, भावजी?" "आहे ना, वहिनी. मासा मटणात धरत नाहीत." ही जराही न अडखळता म्हणाली, "आमच्यात साबुदाना धरत न्हाईत, तसंच म्हना की." त्या दिवसापासून दोघांचं एकमत झालं, की देव एक आहे आणि पळवाटा तेवढ्या निराळ्या.

खोटं त्यांना जमतच नसे. एकदा विम्याचा एजंट माझ्या मागे लागला होता. मी घरात नाही असं सांगा म्हणून मी त्यांना बजावलं. ओट्यावरून त्यांचा शांत आवाज ऐकू आला, "आत आहेत. नाहीत असं सांगायला सांगितलंय. आता काय करायचं, ते तुम्ही दोघं ठरवा."

पण त्यांचं सगळ्यात मोठं खूळ म्हणजे तीन रविवार. त्यांच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार नवरा-नवरीची नावं वाचून दाखवतात. कुणाची हरकत असेल त्यानं उठून सांगावं. ही पद्धत त्यांनी खरेदी-विक्रीला लावली. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली नोटीस कोण वाचतो, असं त्यांचं म्हणणं. रविवारी चर्चहून परतले की पारावर उभे राहून खड्या आवाजात सांगत, अमुक माणूस तमुक वस्तू विकतो आहे, हरकत असेल तर बोला. एकानं मोटारसायकल विकायला काढली, तर दुसऱ्या रविवारी त्याची सासूच उठली, "ती गाडी आमी लग्नात दिलीया. पोरगी नांदवायची हाय का न्हाई, ते आदी इचारा त्येला." गाडी राहिली आणि पोरगीही नांदली. लोक हसले, पण खाजगीत कबूल करत, की फादरनं हात लावलेल्या कागदावर पुन्हा भांडण होत नाही.

मग आमचा माळ विकायची वेळ आली. सातबाऱ्यावर माझं नाव होतं, तसं कासारसाईला दिलेल्या धाकट्या बहिणीचंही होतं. तिची संमती लागणार होती. वकील घरचाच, म्हणून तिला मागच्या खोलीत नेलं.

"गुरुजी, तुम्ही बाहेर थांबा," ते म्हणाले.

"अहो, माझीच बहीण आहे ती."

"म्हणूनच. आमच्यात लग्नाआधी दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात."

मी बाहेर आलो आणि खिडकीशी उभा राहिलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, ही सही तुम्हाला करायची आहे का?" ती म्हणाली, "जमीन न्हाई मागत मी. पर सही न्हाई केली तर दादा भाऊबीजंला बोलवायचा न्हाई. म्हायेर तुटंल माजं. म्हनून करते."

बऱ्याच वेळानं मला हाक आली. "शिक्का देता येणार नाही," ते म्हणाले. "भीतीपोटी दिलेला होकार आमच्याकडे लग्नाला चालत नाही. सरकारी कायद्यातही चालत नाही, फक्त तिथं कुणी विचारत नाही."

"कसली भीती?" मी विचारलं.

"ते तुम्ही त्यांना विचारा."

मी विचारलं नाही. दुपारी तिला स्कूटरवर बसवून पौडला नेलं आणि दुसऱ्या टेबलावर काम उरकलं. पारावर कुणी तरी म्हणालं, "गुरुजी, तुमच्याच भाडेकरूनं तुमचं काम अडीवलं म्हनं?" मी म्हणालो, "बाईला एकटं गाठून कान फुंकले. त्यांच्यात असंच असतं." माझं हे वाक्य तालुकाभर फिरलं. फादरना हसणारे लोक आता 'घरं फोडतो' म्हणू लागले आणि त्यांचा बाक रिकामा पडला. त्यांनी कान फुंकले नव्हते, हे माहीत असलेला गावात मी एकटा होतो. तेव्हा बोललो नाही, ते आता लिहितो आहे.

दिवाळीनंतर त्यांनी सामान टेम्पोत भरलं. किल्ली देताना मला एवढंच विचारलं, "भाऊबीजेला ताई आल्या होत्या ना?"

"आली होती."

"मग झालं," ते म्हणाले आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. पुढं काही वर्षांनी वसईला त्यांचं निधन झाल्याचं मुलीनं फोनवर कळवलं.

परवा बहीण आली होती. ओसरीत पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी म्हणालो, "त्या दिशी मी खिडकीशी हुबा व्हतो. समदं ऐकलं व्हतं."

"ठावं हाय. तुजा चष्मा दिसत व्हता."

"मग बोललीस कशी?"

"तुला ऐकू जावं म्हनूनच बोलले." तिचे हात चालूच होते. "वाटलं, आता दादा आत येईल नि म्हनंल, येडे, सही कर न्हाईतर नको करूस, म्हायेर कुटं पळून जातंय. फादर बी खिडकीकडंच बगत बसलं व्हतं. लई येळ बसलं. मग त्येंनी पेनाला टोपन लावलं."